भरलेल्या अंगाचा भरवसा



आमच्या मोठ्या जाऊबाई पहिल्यापासून अंगाने भरलेल्या. मधुमेह बारा वर्षांचा. "हाडं ठिसूळ व्हायची ती तुझ्यासारख्या काटकुळ्यांची," असं म्हणून त्या मला चिडवायच्या. गेल्या चातुर्मासात मंदिराच्या ओल्या पायरीवर पाय घसरला आणि त्यांचं मनगट मोडलं. वर्षापूर्वीच काढलेला हाडांच्या घनतेचा रिपोर्ट मात्र चक्क नॉर्मल!

मी कॉमर्सची, त्यामुळे मला हे हिशोबाच्या भाषेत कळलं. ताळेबंदात येणी भरपूर दिसतात, पण त्यातली बुडीत किती हे वरवर पाहून कळत नाही. तसंच हे. वजनाचा भार पडून हाडं दाट होतात आणि पाळी गेल्यावर चरबीतून थोडं इस्ट्रोजेनही मिळतं, हे खरं आहे. पण टाइप २ मधुमेहात जादा साखर हाडातल्या कोलॅजेनला चिकटते आणि त्याची लवचिकता जाते. आतड्यांभोवतीची चरबी सूज वाढवणारी द्रव्यं सोडते, त्यानेही हाडांचं नुकसान होतं. तपासणीत खनिज किती ते दिसतं, हाडाची प्रत दिसत नाही. त्यात पाय बधिर, नजर अधू, कधी साखर एकदम उतरते, म्हणजे पडण्याची भीती वेगळीच.

बारीक बायकांनीही निर्धास्त राहू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आपण भारतीय वरून सडपातळ, आतून चरबीचे.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. वजनकाट्यापेक्षा शिवणाच्या डब्यातली टेप काढा. बाईची कंबर ८० सेंटिमीटरच्या वर गेली की सावध व्हा. आणि उपाशी राहून झटपट वजन उतरवू नका, त्यात चरबीबरोबर स्नायू आणि हाडही झिजतं. उपवास कर्मनिर्जरेसाठी करायचा, साडीचा ब्लाउज सैल व्हावा म्हणून नाही. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोही करू नये. एरवी जेवणात डाळी, मूग, ताक असू द्या, कोवळ्या उन्हात चाला, हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा.

मधुमेह असेल तर घनतेचा रिपोर्ट चांगला आला तरी डॉक्टरांना एवढं विचाराच, "माझं हाड मोडण्याचा धोका किती?" जाऊबाईंनी हे विचारलं नव्हतं. आम्ही कुणीच विचारलं नव्हतं.