फोन उचलते, पण बोलत नाही

मांडवगण फराट्याच्या बचत गटात हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले, की बायका उठायला आणखी अर्धा तास लावतात. माझ्या मते खरी बैठक त्या अर्ध्या तासातच होते. गेल्या पावसाळ्यात अशाच एका संध्याकाळी एक सासूबाई म्हणाल्या, "ताई, आमची सून दुबईला गेलीय, एका घरात सैपाकाला. फोन लावला की रिंग जाती. उचलती, आन् बोलतच न्हाई. बंद करती. रमली म्हणायची तिकडंच."

दोघीतिघी हसल्या. एकीने पदर तोंडाला लावला. मैत्रिणींनो, त्या हसण्याचा अर्थ तुम्हाला सांगायला नको. नवरा वारल्यावर लोकांच्या उसात खुरपून दोन पोरं वाढवणारी ही बाई गावात होती तोवर 'बिचारी' होती. विमानात बसली आणि तिच्या चालचलणुकीवर बोलायला सगळे मोकळे झाले.

मी फोन बघायला मागितला. तो सासूबाईंचा नव्हताच, धाकट्या मुलाचा होता. दिवसभर त्याच्या खिशात, रात्री तासभर घरच्यांच्या हातात. केलेले सगळे कॉल व्हॉट्सॲपवरचे. त्यांच्या बरंच वर, ती गेली त्याच आठवड्यातला सुनेचा मेसेज: 'इथे ह्याच्यावर बोलता येत नाही, बंद आहे. पगार झाला की साधा फोन लावते. आईंना सांगा.' दिराने तो वाचलेला होता. "सांगायचं राहून गेलं," म्हणाला.

आता यातली तांत्रिक बाजू आपण कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यायला हवी, कारण आपल्यालाही ती माहीत नसते. मलाही नव्हती. दुबई ज्या देशात येते त्या संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवर लिहिता येतं, आवाज रेकॉर्ड करून पाठवता येतो. पण त्यावरून फोन करणं गेली कित्येक वर्षं अडवलेलं आहे. रिंग जाते, उचलला की 'कनेक्टिंग' दिसत राहतं आणि तुटतं. ओमानमध्येही ही अडवणूक आहे. इंटरनेटवरून फोनची सेवा देण्याचा अधिकार सरकारने परवानाधारक कंपन्यांच्या हाती ठेवला आहे. त्यांच्याकडून बोटिमसारखी मान्य ॲप चालतात. 2018 च्या जानेवारीत तिथल्या एका मोठ्या कंपनीने यासाठी मोबाइलचा पॅक काढला तो महिना 50 दिरहमांचा, म्हणजे तेव्हाच्या हिशोबाने साडेआठशे रुपयांच्या आसपास.

'अरब देशच तसले' म्हणून नाक मुरडायची गरज नाही. आपल्याकडे परदेशी फोनची मक्तेदारी 2002 पर्यंत विदेश संचार निगमकडे होती आणि 1 एप्रिल 2002 पर्यंत इंटरनेटवरून फोन करायला परवानगी नव्हती. आयएसडीच्या पिवळ्या पाटीखाली मिनिटामिनिटाचा आकडा बघत बोललेल्या बायका अजून आपल्यात आहेत. महाग फोनमधून सरकारला आणि कंपन्यांना पैसा मिळतो, आणि तो सर्वांत जास्त टोचतो सर्वांत कमी पगार असणाऱ्याला. 2020 मध्ये कोरोना आला तेव्हा अमिरातीने झूम, टीम्ससारखी काही ॲप तात्पुरती खुली केली. कारण काय दिलं? घरून काम आणि घरून शिक्षण. साहेबांची मीटिंग आणि मुलांची शाळा अडता कामा नये. त्याच घरात पोळ्या लाटणाऱ्या बाईचं स्वतःच्या पोरांशी बोलणं अडलेलं आहे, हे कारणांच्या यादीत बसलं नाही.

मोबाइलच्या दुकानातल्या मुलाने दिराला सोपा उपाय सांगितला होता: व्हीपीएन टाकायला सांगा. तिथे पुष्कळ लोक तो वापरतात, हे खरं. पण अमिरातीचा 2021 चा सायबर गुन्ह्यांचा कायदा म्हणतो, की गुन्हा करण्यासाठी किंवा तो लपवण्यासाठी आपला इंटरनेटचा पत्ता बदलला तर तुरुंगवास, किंवा 5 लाख ते 20 लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही. कंपनीच्या कामासाठी व्हीपीएन चालतो. अडवलेल्या सेवेसाठी वापरला तर तो गुन्ह्यात धरला जाऊ शकतो. मला भीती पोलिसांपेक्षा मालकिणीची वाटते. थकलेला पगार मागितला त्या दिवशी "तुझ्या फोनमध्ये काय आहे ते सांगू का?" एवढं एक वाक्य पुरतं. आमची ही बाई ओळखीच्या माणसामार्फत टुरिस्ट व्हिसावर गेलेली. कामगार म्हणून तिची नोंद कुठेच नाही. अशा बाईला 'घे टाकून, काही होत नाही' असा सल्ला आपण इथे सुरक्षित बसून देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. काही मैत्रिणींना हे भित्रेपणाचं वाटेल. वाटो.

बंद दाराआड राहणाऱ्या घरकामगार बाईला फोन ही चैन नाही. मारहाण झाली, उपाशी ठेवलं, पासपोर्ट काढून घेतला, तर दुसरा साक्षीदार नसतो. फिलिपाइन्सने हे ओळखलं. कुवेतमध्ये त्यांच्या एका घरकामगार स्त्रीचा मृतदेह फ्रीझरमध्ये सापडला, त्यांनी तिकडे कामगार पाठवणं थांबवलं आणि मे 2018 मध्ये कुवेतशी करार केला. त्यात लिहून घेतलं, की पासपोर्ट आणि मोबाइल बाईच्या स्वतःजवळ राहील. आपल्या सरकारच्या आखाती देशांशी होणाऱ्या प्रत्येक करारात हे वाक्य असलंच पाहिजे, आणि त्यापुढे आणखी एक: घरी फोन करायला आठवड्यातून ठरलेला वेळ, मालकाच्या खर्चाने. फार मागतोय का? 1980 साली पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला तेव्हा सुट्टीची मागणीही लोकांना फार वाटली होती.

करार होईल तेव्हा होईल. तोवर जाणाऱ्या बाईशी आम्ही निघण्याआधीच बोलतो. फोनचा वार आणि वेळ ठरवून घ्या. साध्या फोनचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला काढा. भारतीय वकिलातीचा नंबर फोनमध्ये नको, कागदावर लिहून कपड्यात शिवा. आणि एक साधा शब्द ठरवा, मालकीण शेजारी उभी असली तरी बोलता येईल असा. आमच्या या बाईने नंतर 'तुरीची डाळ संपली' असं ठरवलं. तो अजून वापरावा लागलेला नाही.

सासूबाई आता रविवारी गटातल्या एका बाईच्या घरी येऊन बसतात, कारण तिथला फोन तिचा स्वतःचा आहे. पोरं आईला आवाज रेकॉर्ड करून पाठवतात, ती रात्री काम उरकल्यावर ऐकते. गटाच्या वहीत आम्ही एक नवं पान केलं आहे: बाहेर गेलेल्या बायकांची नावं, तिथला पत्ता, फोनचा वार. सध्या त्यावर तीन नावं आहेत. दोघी आखातात. तिसरी पुण्यात, कोथरूडला, चोवीस तास एका घरात राहून आजींना सांभाळते. तिचा फोन दिवसभर बाईसाहेबांच्या कपाटात असतो.