रविवार फुकट मिळालेला नाही

आठवड्याला किती तास काम करावं, यावर अलीकडे लिलावासारखी बोली लागते आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांना 70 तासांचा आकडा सांगितला. जानेवारी 2025 मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं कर्मचाऱ्यांशी झालेलं बोलणं बाहेर आलं. त्यात आकडा 90 वर गेला. रविवारी लोकांना कामाला लावता येत नाही याची खंत त्यात होती आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, असा सवालही होता.

या विधानांची देशभर टर उडाली. पण टर उडवली म्हणजे खंडन झालं, असं होत नाही. कारण टर उडवणारेही रविवारी दुपारी चटईवर आडवे झाले की त्यांच्या मनाला चुटपुट लागते. काहीतरी करायला हवं होतं, दिवस वाया चालला, बरोबरीची पोरं कुठल्या कुठे गेली आणि आपण इथं लोळतोय. म्हणजे 90 तासांचा कारखानदार आपल्या डोक्यातही ठाण मांडून बसलाय. त्याच्याशी मुद्देसूद बोलायला हवं.

आधी साधी वजाबाकी. आठवड्याचे तास 168. रोज सात तासांची झोप धरली तर 49 गेले. कामाचे 90 गेले. उरले 29, म्हणजे दिवसाला चार तास आणि वर थोडी मिनिटं. त्यात अंघोळ, जेवण, जाणं-येणं, दळण, पोरांचा अभ्यास आणि म्हाताऱ्या आईबापांची औषधं बसवायची. हे गणित अशाच घरात सुटतं, जिथं ही बाकीची सगळी कामं दुसरं कुणीतरी करत असतं. 90 तासांची शेखी मिरवणाऱ्याच्या मागे न मोजलेले तास राबणारी माणसं असतात. त्यांची नावं भाषणात येत नाहीत.

शरीराचा हिशेबही झालेला आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 साली मांडलेल्या अभ्यासात आठवड्याला 55 किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांची तुलना 35 ते 40 तासवाल्यांशी केली होती. पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मृत्यू येण्याचा धोका 17 टक्क्यांनी जास्त आढळला. ही 55 तासांची गोष्ट आहे. 90 तासवाल्यांनी आपला अंदाज आपणच करावा.

यावर ठरलेलं उत्तर येतं: देश घडवायचा तर घाम गाळावा लागतो. कबूल. पण घाम गाळणाऱ्यांनीच एक दिवस मागून घेतला आहे, हे या मंडळींना कुणीतरी सांगायला हवं. मुंबईच्या कापडगिरण्यांत साप्ताहिक सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली सुमारे 5,500 कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. रविवारची सुट्टी आणि दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती या त्यातल्या मागण्या होत्या. अर्धा तास! तोही मागावा लागत होता. पुढे 24 एप्रिल 1890 ला मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्याची नोंद आहे. 10 जून 1890 ला गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार म्हणजे साहेबाच्या चर्चची देणगी, असं समजणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा. साहेबाचं राज्य होतं तेव्हाही गिरणी रविवारी चालत होती. ती बंद झाली ती कामगारांच्या रेट्यामुळं. शिवाय रविवार हा खंडोबाचा वार आणि आम्हा कोल्हापूरकरांसाठी जोतिबाचाही. तेव्हा हा दिवस आमचा दुहेरी हक्काचा आहे.

दुसरा आक्षेप जास्त गोड बोलतो, म्हणून जास्त फसवा आहे. तो म्हणतो, विश्रांती घ्याच हो, सोमवारी दुप्पट जोमानं कामाला लागता येतं. ऐकायला बरं वाटतं. पण यात विरंगुळ्याला स्वतःची किंमतच उरत नाही. रंकाळा तलावाला फेरी मारायची ती टार्गेट गाठण्यासाठी आणि गाणं ऐकायचं ते एकाग्रता वाढावी म्हणून. अशा माणसाच्या मनगटावरचं घड्याळ पावलं मोजतं आणि दहा हजार झाली नाहीत तर तो संध्याकाळी नाराज होतो. बर्ट्रांड रसेल यांनी 1932 साली आळसाची बाजू घेणारा निबंध लिहिला आणि दिवसाला चार तास काम पुरे, असं मांडलं. चार तास आपल्याला परवडणारे नाहीत, पण मोकळा वेळ हा कामाचा नोकर नाही, हा त्यांचा मुद्दा पटण्यासारखा आहे. माणूस काम करतो ते जगण्यासाठी, आणि जगण्यात पाण्याकडे नुसतं बघत बसणंही येतं.

इथं कुणी म्हणेल, हे रिकामटेकड्यांचं तत्त्वज्ञान झालं, कर्तबगार माणसं असं बोलत नाहीत. मग कोल्हापूरचाच दाखला घ्या. ज्या राजर्षी शाहू महाराजांनी 1906 साली शाहू मिलचा पाया घातला आणि पुढे राधानगरीचं धरण हाती घेतलं, त्यांनीच 1912 साली खासबागेचं कुस्ती मैदान उभं केलं. 1902 च्या युरोप दौऱ्यात रोमचं प्राचीन क्रीडागार पाहून त्यांच्या मनात ही कल्पना आली. मैदानाची रचना अशी की शेवटच्या पायरीवरच्या माणसालाही हौद्यातली पकड दिसावी. त्याला लागूनच 1915 साली पॅलेस थिएटर झालं, तेच आजचं केशवराव भोसले नाट्यगृह. गिरणी, धरण, मैदान आणि रंगमंच एकाच राजाच्या यादीत होते. प्रजेनं पोटभर खावं आणि मनभर हसावं, ही दोन्ही कामं राज्यकर्त्याचीच, असं त्या यादीवरून दिसतं. महाराजांच्या आधीचं घ्यायचं तर करवीर नगर वाचन मंदिर 1850 चं आणि गायन समाज देवल क्लब 1883 चा. या गावानं पावणेदोनशे वर्षं विरंगुळ्याच्या जागा बांधल्या. रिकामटेकड्या गावाला एवढा उरक नसतो.

लेखकांतही पाहा. राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या ना. सी. फडक्यांनी 'गुजगोष्टी' हे लघुनिबंध लिहिले. शिरोड्याहून 1938 साली इथं आलेल्या वि. स. खांडेकरांनी 'ययाति'सारखी कादंबरी लिहिली आणि हलकेफुलके लघुनिबंधही भरपूर लिहिले. क्षुल्लक गोष्टींत रमल्यामुळं या दोघांच्या हातून लेखन कमी झालं, असा आरोप त्यांचा शत्रूही करणार नाही.

तिसरा आक्षेप बाजाराचा. तो विश्रांतीला नावं ठेवत नाही, तिची किंमत लावतो. डोंगराच्या कुशीत रिसॉर्ट, तेलाचा मसाज, दोन रात्री तीन दिवस, नाश्त्यासह. ज्याला परवडतं त्यानं जरूर जावं. पण शीण घालवायला आधी बुकिंग, मग पॅकिंग, मग घाटातली गाड्यांची रांग आणि परतल्यावर क्रेडिट कार्डाचं बिल, यात शीण कुठं गेला? वर्षातून एकदा मिळणाऱ्या सुखानं बाकीचे 51 आठवडे उजळत नाहीत. आठवडा उजळायचा तर सुख आठवड्याच्या मापाचं, चालत जाता येईल इतक्या जवळचं आणि खिशातल्या सुट्ट्या पैशांत बसणारं हवं.

आणि कोल्हापुरात ते पेठेपेठेत आहे. संध्याकाळी रंकाळ्याच्या कठड्यावर बसून समोरचा शालिनी पॅलेस अंधारात बुडेपर्यंत गप्पा माराव्यात. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीच्या धारा निघताना बघत उभं राहावं. रविवारी सकाळी मिसळ, तीही पाव न मागता ब्रेडबरोबर खावी, वर कट मागून घ्यावा आणि नाक-डोळे वाहेपर्यंत राजकारण सोडवावं. फुटबॉलचा हंगाम असला की शाहू स्टेडियमवर जावं. तिथल्या संघांची नावं पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम अशी. तांबड्या मातीतल्या तालमींनी चेंडूलाही आपलं मानलं, हे बहुधा इथंच घडलं. माघात रविवारी पहाटे जोतिबाच्या खेट्याला पायी निघावं. आषाढात गल्लीबरोबर पी ढबाक वाद्यांच्या तालावर पंचगंगेचं नवं पाणी घेऊन टेंबलाईच्या टेकडीवर जावं. यातल्या कशालाच बुकिंग लागत नाही. लागते ती सोबत.

सोबतीचा विषय निघाला की चौथा आक्षेप येतो: आता सोबत कशाला, सगळं मोबाइलवर आहे की! आहे, आणि मीही बघतो. पण मोबाइल बघून उठलेला माणूस ताजातवाना दिसतो का, हे आपल्याच घरात पाहावं. कट्ट्यावरच्या गप्पा कुणीतरी 'चला, उठतो' म्हटल्यावर संपतात. पडद्यावर उठा म्हणणारं कुणी नसतं, उलट आणखी बसवून ठेवण्यावरच त्याचा धंदा चालतो. आणि कट्ट्यावर कुणी चार दिवस दिसलं नाही तर 'काय भावा, बरं हाय न्हवं?' म्हणून चौकशी होते. हे काम अजून तरी कुठल्या ॲपला जमलेलं नाही.

आता शेवटचा आक्षेप, आणि तो खरोखर जड आहे. तुमचं सगळं रामायण पुरुषांचं आहे, असं कुणी बाई म्हणाली तर? कट्टा पुरुषांचा, तालीम पुरुषांची, स्टेडियमच्या पायऱ्यांवरही बहुतेक तेच. कोल्हापुरातल्या कित्येक घरांत बाईसाठी रविवार हा आठवड्यातला सगळ्यात कष्टाचा दिवस असतो. मटण आलं की वाटण आलं, मग तांबडा, पांढरा, सुकं, भाकरी, आणि सगळे जेवून लवंडले की भांड्यांचा ढीग. या आक्षेपाचं खंडन करता येत नाही आणि करूही नये. उत्तर कृतीनंच द्यावं लागेल. रानात भरणाऱ्या रस्सा मंडळात मित्रांसाठी पातेलंभर रस्सा ढवळणाऱ्या गड्याला स्वतःच्या ओट्यावर मिठाचा डबा सापडत नाही, हे काही निसर्गनियमानं घडत नाही. रानात जमतं ते घरात जमायला हरकत नाही. बायकांनी आपल्यापुरते मार्ग काढलेच आहेत: महिन्याची भिशी, श्रावणातला झिम्मा-फुगडी, रंकाळ्यावर पहाटे चालणाऱ्या मैत्रिणींचा घोळका. पण कामं उरकून मिळालेल्या फटीत बसवलेली मौज आणि हक्कानं मिळालेली सुट्टी, यांत फरक आहे. 1890 च्या सभेत बोलायला उभ्या राहिलेल्या त्या दोघींनी गिरणीतली सुट्टी मिळवायला हातभार लावला. घरातली अजून बाकी आहे.

घरानंतरची दुसरी जबाबदारी या जागांची. फुकटचं सुख फुकट टिकत नाही. रंकाळ्यात सांडपाणी आणि जलपर्णी शिरली की संध्याकाळची फेरी नाक दाबून मारावी लागते. फुटबॉलमध्ये पेठांची ईर्ष्या मस्करीपुरती राहिली तर तिखट-मीठ. ती हुल्लडबाजीवर गेली की बापानं पोराला मैदानावर न्यायचं बंद केलं म्हणून समजा. आणि 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या राखेपुढं नटांबरोबर साधे प्रेक्षकही रडले. विरंगुळा ही चैन असती, तर तिकीट काढून मागच्या खुर्चीत बसणाऱ्या माणसाला रडू येण्याचं कारण नव्हतं. गावानं नाट्यगृह पुन्हा उभं करण्याचा आग्रह धरला, कारण आपलं काय गेलंय हे गावाला नेमकं कळलं होतं.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात असं. विश्रांतीबद्दल कुणाला स्पष्टीकरण देऊ नका, वरिष्ठाला नाही आणि स्वतःच्या मनालाही नाही. आठवड्यातली एक संध्याकाळ ठरवून मोकळी ठेवा आणि तिच्यात काही साध्य करायचं नाही, एवढाच नियम पाळा. घराजवळची एक जागा धरा, एक-दोन माणसं धरा. पगार वाढेपर्यंत, मुलं मोठी होईपर्यंत, निवृत्त होईपर्यंत थांबू नका. तोवर गुडघे जोतिबाचा डोंगर चढायला नकार देतात. घरातल्या बाईची सुट्टी तुमच्या सुट्टीआधी ठरवा. आणि ज्या पाण्याकडे बघत तुम्ही निवांत होता, ते स्वच्छ राहावं म्हणून महापालिकेच्या दारातही कधीमधी जाऊन उभे राहा. भांडायची हौस आपल्याला कमी नाही, ती इथं कामी येईल.

येत्या रविवारी स्वयंपाकघर बंद ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन मिसळ खायला चला.