‘बर्फी’च पहिला कशासाठी?



आपल्या भिलाईत जन्मलेले दिग्दर्शक अनुराग बसू यांच्या चित्रपटांची क्रमवारी लावणारे पत्र वाचले. ‘बर्फी’ (2012) पहिला, कारण ऑस्करसाठी भारताने तो पाठवला, हे काही पटले नाही. निवड समितीची पसंती म्हणजे गुणपत्रिका नव्हे. त्यातल्या पाठलागाच्या कितीतरी गमती चॅप्लिन-कीटनच्या मूकपटांतून उचललेल्या आहेत. खांब कोसळत असतानाही नायकाचा हात न सोडणारी नायिका झिलमिल मात्र मनात घर करते. तरी माझ्या लेखी पहिला मान ‘लाइफ इन अ मेट्रो’चा (2007). त्यातली साहेबाला वापरायला दिलेली फ्लॅटची किल्लीही उसनीच, बिली वाइल्डरच्या ‘द अपार्टमेंट’मधली (1960), असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण इथे ती एका कर्मचाऱ्याच्या बढतीपुरती राहत नाही. साहेब, त्याची बायको, मेहुणी, मेहुणीची रूममेट असा अख्खा गोतावळा तिच्यात अडकतो. शिवाय संगीतकार प्रीतमचा बँड भर रस्त्यात उभा राहून गातो! उसनवारी पचवणे म्हणतात ते हेच.

‘जग्गा जासूस’ (2017) तळाला टाकणेही अन्यायाचेच. बोलताना अडखळणारा नायक गाऊन मोकळा होतो, त्यामुळे गाणी चिकटवलेली वाटत नाहीत. चित्रपट लांबला, हे कबूल. तळाची जागा ‘काइट्स’ची (2010).

— एक वाचक, भिलाई