कृष्णेच्या प्रदूषणाचा खर्च कोण भरतो?

पर्यावरणाचे कायदे सैल केले की उद्योग वाढतात आणि उद्योग वाढले की राज्य श्रीमंत होते, असे गणित सध्या सर्रास मांडले जाते. ते सातारा-सांगलीत तपासून पाहायला हवे. ऊस, हळद, द्राक्षे, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, कासचे पर्यटन, १,९६० मेगावॉटचा कोयना प्रकल्प ही या दोन जिल्ह्यांची कमाई. ती सगळी माती, पाणी आणि डोंगरावर उभी आहे.

कायद्यात नेमके काय बदलले? १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यात नियमभंगाला पाच वर्षांपर्यंत कैद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती काढून दहा हजार ते पंधरा लाख रुपये दंड ठेवला. आता कैदेची तरतूद आहे ती दंड न भरणाऱ्यासाठी. २०२१ मध्ये केंद्राने आणखी एक सवलत दिली. आधीची मंजुरी असलेल्या साखर कारखान्याने किंवा डिस्टिलरीने फक्त पेट्रोलमिश्रणाच्या इथेनॉलसाठी विस्तार केला, तर तो ‘बी-२’ वर्गात जातो. या वर्गाला जनसुनावणी लागत नाही.

साखरपट्ट्यात याचा अर्थ सरळ आहे. मळीमिश्रित पाणी नदीत गेले की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. मार्च २०२३ मध्ये सांगलीजवळ अंकली परिसरात कृष्णेत मेलेल्या माशांचा खच पडला होता. अशा वेळी मच्छीमाराची मजुरी बुडते, पाणी शुद्ध करण्याचा पालिकेचा खर्च वाढतो, आजारपणाचा खर्च घराघरात जातो. कारखान्याच्या ताळेबंदात यातले काहीच दिसत नाही. कोट्यवधींची उलाढाल असणाऱ्याला पंधरा लाख हा धाक नव्हे, खर्चाची एक बाब आहे.

जुन्या कायद्याने तरी किती जण तुरुंगात गेले, असा प्रश्न विचारला जातो. तो रास्त आहे. खटले रखडत होते. पण अंमलबजावणी दुबळी असेल तर ती बळकट करायची, की शिक्षाच काढून टाकायची?

हाच पेच सर्वोच्च न्यायालयातही दिसला. काम आधी आणि पर्यावरण मंजुरी मागाहून, ही पद्धत न्यायालयाने १६ मे २०२५ ला बेकायदा ठरवली. १८ नोव्हेंबरला दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. सुमारे वीस हजार कोटींचे सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागतील, हे त्यामागचे एक कारण होते. चिंता खोटी नाही. पण यातून बांधणाऱ्याने धडा काय घ्यायचा? आधी पैसा गुंतवा, मग पाडणे परवडत नाही म्हणा. नियम पाळून वर्ष-दोन वर्षे थांबलेला उद्योजक मात्र मूर्ख ठरतो.

मुस्लिमांचे प्रश्न म्हटले की तलाक, हिजाब, वक्फ एवढ्यावरच चर्चा थांबते. पण कृष्णेचे पाणी मिरजेच्या मोहल्ल्यात येते तसेच सांगलीच्या पेठेतही येते. ते धर्म विचारत नाही. संविधानाच्या ५१ क अनुच्छेदाने नद्यांचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य ठरवले आहे. हक्कांसाठी संविधान हाती घेणाऱ्यांनी हे पानही उघडायला हवे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. दंड उलाढालीच्या आणि नुकसानीच्या प्रमाणात हवा. त्यातून पहिली भरपाई मच्छीमार आणि शेतकऱ्याला मिळावी. इथेनॉल विस्तारालाही जनसुनावणी हवी. कारखान्यांतून सोडल्या जाणाऱ्या पाण्याची मोजमापे प्रदूषण नियंत्रण मंडळाने मराठीत, रोजच्या रोज जाहीर करावीत. शेवटची मागणी पूर्ण करायला दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. ती मुंबईतूनच सुरू होऊ शकते.