नुसत्या नवशांनी जत्रा भरत नाही

मंडळी, आज जरा भांडायला बसले आहे. विषय अमेरिकन फुटबॉलचा. हेल्मेट घालून, खांद्यांवर गाद्या बांधून, लांबट चेंडू हाताने फेकतात तो खेळ. "आमचा काय संबंध?" असं म्हणाल, पण शेवटपर्यंत वाचा. भांडण आपल्या घरचंही आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. जत्रेत हौशे, नवशे आणि गवशे असे तिन्ही असतात, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. अमेरिकेबाहेर या खेळाची जी जत्रा आता भरायला लागली आहे, तिथले नवशे हल्ली हौशांना हाकलायला निघालेत आणि वर स्वतःला खेळाचे राखणदार म्हणवतात. माझ्या मते खेळाचं सगळ्यात जास्त नुकसान तेच करतात.

मी मूळची इंदूरची. वीसेक वर्षांपासून फ्रांकफुर्टला आहे. इथे आपल्या नेहमीच्या फुटबॉलला 'फुसबाल' म्हणतात, आणि 'फुटबॉल' म्हटलं की तो अमेरिकन. रविवारी संध्याकाळी सातला अमेरिकेतले दुपारचे सामने सुरू होतात, दहानंतर दुसरी खेप आणि सोमवारी पहाटे दोन वीसला शेवटचा सामना. नवशा तो, जो हे सगळं बघून सोमवारी आठला ऑफिसात हजर असतो. डोळे लाल, पण कुठल्या संघातल्या कुणाचा गुडघा दुखावलाय ते तोंडपाठ. हौशा तो, जो वर्षातून एकदा सुपर बोलच्या रात्री मित्राकडे जातो, चिकन विंग्ज खातो, मध्यंतरातलं गाणं बघतो आणि विचारतो, "हाताने खेळतात, तर फुटबॉल कसा?"

दोघंही आपापल्या जागी ठीक. बिघडतं ते परीक्षा सुरू झाली की. कोरी जर्सी घातलेलं कुणी दिसलं की नवशा विचारणार, "या संघाचे तीन खेळाडू सांग बरं." नाही आले, की कुत्सित हसू. अशा लोकांना इथे 'इव्हेंट-फॅन' म्हणून हिणवतात, म्हणजे तमाशा बघायला आलेले. आणि ही परीक्षा सगळ्यांची होत नाही, बरं का. दाढीवाल्या धिप्पाड जर्मन बाप्याला कुणी नावं विचारत नाही. बाईला विचारतात. आपल्यासारख्या सावळ्या चेहऱ्याला विचारतात. मला एकदा विचारलं, तेव्हा मी चार डाउन आणि दहा यार्डांचा अख्खा नियम सांगितला. तर म्हणे, "नवऱ्याने शिकवलं का?" आता बोला!

नवशांची बाजू खोटी नाही, तीही मांडते. जर्मनीतला पहिला अमेरिकन फुटबॉल क्लब १९७७ साली याच गावात निघाला, फ्रांकफुर्टर लोवेन. लोवेन म्हणजे सिंह. १९९१ला वर्ल्ड लीग आली आणि गावाला फ्रांकफुर्ट गॅलक्सी हा संघ मिळाला. पुढे या लीगचं नाव एनएफएल युरोप झालं. कर्ट वॉर्नर १९९८मध्ये ॲम्स्टरडॅमकडून खेळला आणि जानेवारी २०००मध्ये अमेरिकेत सुपर बोल जिंकून त्या सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. गॅलक्सीने चार वेळा इथलं अजिंक्यपद, म्हणजे वर्ल्ड बोल, मिळवलं. २३ जून २००७ला फ्रांकफुर्टातच शेवटची फायनल झाली. हॅम्बुर्गने गॅलक्सीला ३७-२८ असं हरवलं. आणि आठवडा उलटायच्या आत अमेरिकेतून निरोप आला, लीग बंद. तोटा सोसवत नव्हता.

त्यानंतरची वर्षं या नवशांनीच निभावली. गावागावातल्या क्लबांत पोरांना शिकवलं, मैदानावर रेघा मारल्या, रात्री जागून कुठून कुठून सामने पाहिले. मग एकदम गर्दी आली. "पावसात आम्ही भिजलो, आणि ऊन पडल्यावर हे आले," असं त्यांना वाटणारच. वाटू दे. त्यांच्या जागरणाला माझा नमस्कार आहे.

पण मंडळी, गॅलक्सीच्या काळात स्टेडियम भरत कोण होतं? हे मी डोळ्यांनी पाहिलंय. सामन्याआधी बाहेर 'पॉवर पार्टी' नावाचा प्रकार असायचा, म्हणजे सरळ जत्राच. सॉसेज भाजतायत, बिअर वाहतेय, गाणी वाजतायत, लहान पोरांच्या गालांवर जांभळा रंग. त्यातल्या निम्म्यांना आत काय चाललंय ते कळत नसे. पण तिकीट काढून आत जात, आणि पुढच्या वेळी शेजाऱ्यालाही आणत. म्हणून फ्रांकफुर्टचा संघ शेवटपर्यंत टिकला. लंडन, बार्सिलोना आणि स्कॉटलंडचे संघ तर लीगच्या आधीच गेले होते. तिथे काय नवशे नव्हते? होते की! कमी पडले ते हौशे.

आपल्याकडचंच घ्या. २०१२मध्ये भारतात या खेळाची एक लीग काढली होती, त्यात 'पुणे मराठाज' नावाचा संघही होता. नाव झकास. पण पहिल्या हंगामाचे सामने झाले श्रीलंकेत, आणि आपल्या लोकांना दाखवायचे टीव्हीवर. पुण्यात ना जत्रा, ना पाळणे, ना भेळ. खेळ रुजणार कुठे?

जर्मनीत तो पुन्हा कसा उभा राहिला, तेही बघा. २०१५पासून एका फुकट दिसणाऱ्या चॅनेलवर रविवारी संध्याकाळी सामने दाखवायला लागले. फ्रांक बुशमान आणि पॅट्रिक एसुमे या मंडळींनी साध्या जर्मनमध्ये, हसत-खिदळत नियम समजावले. रोज शून्यापासून सांगायचं, कंटाळायचं नाही. एसुमे स्वतः कोच, त्याला काय कमी माहिती होती? पण त्याने ती मिरवली नाही, वाटली.

इंदूरच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आपल्या गावच्या सुशील दोशींनी क्रिकेटची हिंदी कॉमेंट्री घराघरांत नेली. माझी आजी तांदूळ निवडता निवडता ती ऐकायची. तिला स्लिप आणि गलीतला फरक शेवटपर्यंत कळला नाही. पण कोण खेळतंय, कोण रडवतंय, सगळं ठाऊक. आजीला कुणी म्हणालं असतं का, "तुम्ही खऱ्या नाही, रेडिओ बंद करा"?

आता म्युनिकचं सांगते. १३ नोव्हेंबर २०२२. जर्मनीतला एनएफएलचा पहिला अधिकृत साखळी सामना, टँपा बे विरुद्ध सिएटल. जवळजवळ सत्तर हजार माणूस. लीगच्या सगळ्याच संघांच्या जर्सी घालून आलेला, म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांचा संघ मैदानात नव्हताच! शेवटी शेवटी 'कंट्री रोड्स' गाणं लागलं आणि अख्खं स्टेडियम गायला लागलं. आता ते गाणं वेस्ट व्हर्जिनियाचं, त्या राज्यात एनएफएलचा संघसुद्धा नाही. सोवळ्यातला नवशा म्हणेल, याचा खेळाशी काय संबंध? पण टॉम ब्रेडी, ज्याने सात सुपर बोल जिंकलेत, तो म्हणाला की फुटबॉलमधल्या त्याच्या थोर अनुभवांपैकी हा एक. ज्याला सगळ्यात जास्त कळतं त्याला गंमत वाटली, आणि कपाळाला आठ्या पडल्या त्या गल्लीतल्या पंडिताच्या.

पुढच्या वर्षी आमच्याकडे, फ्रांकफुर्टला, दोन सामने झाले. त्यातला १२ नोव्हेंबरचा, कोल्ट्स विरुद्ध पेट्रियट्स, १०-६ असा संपला. दोन्ही संघ मिळून टचडाउन एक! इतका रटाळ सामना की नवशेही कबूल करतील. तरी स्टेडियम भरलेलं, लोक खूश. खेळ वाईट असतानाही खुर्च्या भरतात त्या हौशांमुळेच.

शिवाय हा खेळच मुळात गप्पांना सवड ठेवून बनवलेला आहे. घड्याळात साठ मिनिटं, प्रत्यक्षात तीन तास, आणि त्यातही चेंडू हलतो तो जेमतेम अकरा मिनिटं. उरलेला वेळ? उभं राहणं, पंचांची खलबतं, जाहिराती. इतक्या फटी काय मौन पाळायला ठेवल्यात? शेजारच्याला समजावून सांगायला त्या आयत्या मिळतात. चार संधी, दहा यार्ड, गेले तर पुन्हा चार. एवढं सांगितलं की बाकीचं माणूस आपोआप शिकतो.

नवशांचा आणखी एक गोंधळ आहे. ते अमेरिकन चाहत्याची ऐट उचलतात. ग्रीन बे नावाच्या छोट्या गावात पॅकर्सची सीझन-तिकिटं १९६०पासून संपलेली आहेत, प्रतीक्षायादीत लाखाच्या वर नावं आहेत. पोर जन्मलं की आईबाप त्याचं नाव यादीत घालतात. तिथे चाहता असणं म्हणजे वडिलोपार्जित वाडा. आमच्या फ्रांकफुर्टात तो वाडा आहे कुणाचा? इथला प्रत्येक नवशा कधी ना कधी अपघातानेच शिरलाय. कुणी अमेरिकन सैनिकांच्या पोरांबरोबर खेळला, कुणाला बायकोने नेलं, कुणी चुकून चॅनेल बदललं. ज्या उघड्या दारातून स्वतः आलो, त्याच दारात काठी घेऊन उभं राहायचं, याला राखण म्हणत नाहीत.

हौशांनाही दोन शब्द ऐकवते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिते. आपला संघ चेंडू घेऊन उभा असतो तेव्हा गप्प बसायचं असतं, क्वार्टरबॅकची हाक साथीदारांना ऐकू जावी म्हणून. ओरडायचं समोरच्याची पाळी आली की. लाथ मारून चेंडू उंच उडवला की आनंदाने नाचू नका, बहुतेक वेळा तो हार पत्करून समोरच्याला दिलेला असतो. आणि वर्षातून एक-दोन सामने होतात, तिकिटासाठी लाखो लोक रांगेत असतात, तेव्हा तिसऱ्या सत्रात उठून जाऊ नका. पण हे कानात सांगायचं असतं, चारचौघांत पाणउतारा करून नाही. तिकिटं महाग आहेत, कंपन्यांच्या पाहुण्यांना आधी मिळतात, हा राग खरा आहे. तो तिकीट विकणाऱ्यावर काढा. कोरी जर्सी घातलेल्या पोरीने तुमचं काय घोडं मारलंय?

आता आपल्या घरचं. आपल्यापैकी कितीजणांना पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी हसून विचारलंय, "तुम्ही मराठी बोलता की हिंदी?" मी लहानपणी "काय करून राहिलीस?" म्हटलं की सगळी आते-मामे भावंडं फिदीफिदी हसायची. बडोदेकरांच्या मराठीत गुजराती येते, बेळगावकरांच्या कानडी, हैदराबादकरांच्या दखनी. पिढ्यान्पिढ्या भाषा सांभाळली आपण, आणि परीक्षाही आपलीच.

आणि आता तीच परीक्षा आपण आपल्या पोरांची घेऊन राहिलोय, हे मला टोचतं. इथल्या गणपतीत एक दहा वर्षांचा मुलगा मोदकासाठी आला. जर्मन उच्चारात "नमस्कार" म्हणाला. एका काकांनी सगळ्यांदेखत फर्मावलं, "आधी अथर्वशीर्ष म्हणून दाखव." पोराचा चेहरा उतरला. पुढच्या वर्षी आला नाही. काका अजून येतात, शुद्ध मराठी बोलतात, आणि दरवर्षी तक्रार करतात की तरुण पिढी येत नाही. अहो काका, आली होती की. मोदकासाठी आली होती, पण आली होती.

हौस म्हणजे कमअस्सल भक्ती, हा समज सोडून द्यायला हवा. हौस हा भक्तीचा उंबरठा असतो. काही लोक तो ओलांडून आत येतात, काही तिथेच बसून प्रसाद खातात आणि आनंदाने घरी जातात. दोघांचेही पाय लागल्याशिवाय वाट मळत नाही.

एक योगायोग सांगून थांबते. ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईत आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची बैठक झाली. तिथे २०२८च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी एकाच दिवशी ज्या खेळांना मंजुरी मिळाली, त्यात आपलं क्रिकेट होतं आणि फ्लॅग फुटबॉलही होता. फ्लॅग म्हणजे अंगावर न जाता, कमरेची पट्टी ओढून खेळायचा प्रकार. म्हणजे २०२८मध्ये अमेरिकन लोक आपल्याला विचारणार, "तो माणूस आउट का झाला?" आणि आपण त्यांना विचारणार, "ती पट्टी का ओढली?" त्या वेळी तुम्ही त्यांच्याकडून तीन बोलरांची नावं मागणार, की शेजारी बसवून दाणे पुढे करणार?

इंदूरला सुपर बोल सोमवारी पहाटे पाचला सुरू होतो. ज्यांना नाद आहे त्यांनी यंदा एका तरी अडाण्याला उठवा. पोहे-जिलेबी खायला घाला, चार डाउन समजवा, झोप लागली तर लागू द्या. आणि बडोदा, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबादच्या मंडळींनो, तुमची कुणी अशी परीक्षा घेतली असेल तर खाली जरूर लिहा.