वॉकरचा रूट आणि धावड्याचे नाले

वाघ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? घनदाट जंगल आणि जिप्सीतले पर्यटक. आता हा लॉग बघा. टिपेश्वर अभयारण्यातल्या (जिल्हा यवतमाळ) एका तरुण नराला फेब्रुवारी 2019 मध्ये जीपीएसचा पट्टा बांधला. जूनमध्ये पठ्ठ्या घर सोडून निघाला. तेलंगणात शिरला, परत फिरला, हिंगोली-वाशीम करत डिसेंबरमध्ये बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सरळ रेषेत हे अंतर अडीचशे किलोमीटरही नाही, पण पट्टा निघेपर्यंत याची एकूण पायपीट 3,000 किलोमीटरच्या वर गेली होती. नावच पडलं, वॉकर!

अंतराचं मला तेवढं नवल नाही. तरुण नराला स्वतःचा इलाखा हवा, वाघीण हवी, तो चालणारच. नवल आहे ते वाटेचं. पाच हजारांवर नोंदी, आणि त्यांत शेतं, नाले, ओलांडलेले हमरस्ते. एवढ्या प्रवासात माणूस जखमी झाला एकदाच, हिंगोली जिल्ह्यात, तेही वाघ पडला होता त्या झुडपाशी माणसं गेली तेव्हा. दिवसा झुडपात गपगार पडायचं, अंधारात चालायचं, वाटेत डुक्कर नाहीतर एखादं गुरू मारायचं... संपला प्रोग्रॅम.

आणखी एक गंमत. हरणांना, गुरांना केशरी आणि हिरवा यांतला फरक कळत नाही, त्यामुळे त्यांच्या लेखी वाघ म्हणजे हलणारं गवत. आपल्याला मात्र तो फरक चांगला दिसतो! म्हणजे आपल्यापासून लपायचं तर वाघाला झुडूपच लागणार.

म्हणून मला भोकरदन तालुक्यातल्या धावड्यासारख्या गावांची काळजी वाटते. अजिंठ्याच्या डोंगररांगेतलं, बुलढाण्याच्या हद्दीजवळचं हे गाव. ज्ञानगंगा इथून वॉकरच्या पायांना काही लांब नाही. या पट्ट्यात रोही आणि डुकरं मका ठेवत नाहीत, रात्री जागल करावी लागते. म्हणजे वाघाचा शिधा आपण पोसतोय, आणि त्याचा आडोसा काढून टाकतोय. कसा? नाला खोलीकरण! पोकलॅन आला की गाळाबरोबर दोन्ही काठांवरची निरगुडी, करंज, बोरी सगळं साफ. (जालन्यात पाणी नको असं कोण म्हणेल? टँकरच्या रांगेत उभं राहिलेला तर नाहीच.) पण कोल्ह्या-लांडग्यांची ये-जाही याच काठांनी होते. आडोसा गेला की जनावर उघड्यावर येतं, माणसं काठ्या घेऊन धावतात, आणि मग जो बिथरतो तो वाघ लॉगमधला नसतो.

ज्याची गाय गेली त्याला भरपाई वेळेत द्या. पुण्यात बसून त्याला वन्यप्रेम शिकवणं आपल्याला शोभत नाही. आणि नाला जरूर खोल करा, फक्त एका काठाची झुडपं राहू द्या. पोकलॅनचं डिझेलही वाचेल.