मंद दिवे आणि जड डोकं : डिमर बसवण्याआधी हे वाचा

"डॉक्टर, संध्याकाळी हॉलमध्ये बसलं की डोकं जड होतं, डोळे चुरचुरतात. चष्म्याचा नंबर तपासला, तोही बरोबर आहे." अशी तक्रार आली की बीपी मोजून झाल्यावर मी आणखी एक प्रश्न विचारतो: घरात नुकतंच पीओपीचं सीलिंग करून घेतलंत का? त्यातल्या दिव्यांना डिमर आहे का?

प्रश्न विचित्र वाटेल, पण त्यामागचं कारण साधं आहे. सीलिंगमधले बरेचसे छोटे स्पॉटलाइट आणि एलईडी पट्ट्या १२ किंवा २४ व्होल्टवर चालतात. घरातली २३० व्होल्टची वीज त्यांच्यासाठी कमी करतो तो 'ड्रायव्हर'. भिंतीवरचा नेहमीचा डिमर विजेच्या प्रत्येक लहरीचा काही भाग कापतो. ड्रायव्हर डिमरसाठी बनवलेला नसेल, तर ही तुटक वीज त्याला झेपत नाही. मग दिवा लुकलुकतो, ड्रायव्हर गुणगुणतो, तापतो आणि लवकर जातो. काही घरांत तर दिव्यांना पंख्याचा रेग्युलेटर जोडलेला असतो. ते साफ चूक आहे.

लुकलुक दिसत नाही म्हणजे ती नाही, असं समजू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असा दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होऊ शकतो. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण काहींना त्याचा त्रास होतो. १९८९ मध्ये ब्रिटनमधल्या एका अभ्यासात ऑफिसमधल्या जुन्या ट्यूबलाइटच्या जागी न लुकलुकणाऱ्या ट्यूब लावल्यावर डोकेदुखी आणि डोळ्यांवरचा ताण निम्म्याहून कमी झाला होता. मायग्रेन असणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो.

घरच्या घरी तपासा. डिमर कमी करून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये दिव्याचा व्हिडिओ काढा. उजेड धडधडताना किंवा पट्टे सरकताना दिसले, तर आठवडाभर डिमर पूर्ण ठेवून किंवा ते दिवे बंद ठेवून बघा. डोकं हलकं झालं, तर उत्तर मिळालं.

डिमर वाईट, असं माझं म्हणणं नाही. रात्रीचा प्रखर उजेड मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक दाबतो, म्हणून झोपण्याआधी तास-दोन तास उजेड मंद आणि पिवळसर असलेला बरा. पण त्यासाठी ड्रायव्हर 'डिमेबल' आहे आणि डिमर त्याच्याशी जुळणारा आहे, याची इलेक्ट्रिशियनकडून आधी खात्री करून घ्या. नाहीतर माझा सल्ला ऐका: कोपऱ्यात कमी वॉटचा एक पिवळा दिवा, त्याला वेगळं बटण. स्वस्तात काम होतं.

आणि एक विनंती. घरात आजी-आजोबा असतील, तर जिना आणि बाथरूमला डिमर नकोच. वयानुसार डोळ्यांत उजेड कमी पोचतो. मंद उजेडात ओला फरशीचा तुकडा दिसत नाही, आणि खुब्याचं हाड मोडलं की पुढचे कित्येक महिने अंथरुणात जाऊ शकतात. तिथे चांगला उजेड हवा, आणि रात्री उठल्यावर वाट दिसेल असा जमिनीलगतचा छोटा दिवा.

मात्र प्रत्येक डोकेदुखीचं खापर दिव्यावर फोडू नका. अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, सोबत उलट्या, ताप, हातापायांत अशक्तपणा, नजर अंधूक होणं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी असेल, तर इलेक्ट्रिशियनला नव्हे, डॉक्टरांना गाठा.